नवा ईजीआर व्हॉल्व्ह टाकूनही पी0401 परत येतो तेव्हा

गुरुजी, तुमचा प्रश्न इतरांना कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. 2013ची 1.3 लिटर डिझेल हॅचबॅक, 1 लाख 40 हजार किलोमीटर पळालेली. चेक लाइट लागला, स्कॅनरवर पी0401 आला, म्हणजे ईजीआरमधून (जळका वायू इंजिनात परत सोडणारी यंत्रणा) वायू कमी येत असल्याचा कोड. एका गॅरेजात आधी ईजीआर साफ करून दिला, काही दिवसांनी नवाच टाकला. महिन्याभरात लाइट पुन्हा हजर. गाडी चढाला ओढंना, रेस दिली की मागून काळा धूर मारायलीय. आता दुसरे मिस्त्री म्हणतात, पत्री मारून, म्हणजे ईजीआरची वाट पत्र्याने बंद करून, विषय संपवू. मारू का?

मारू नका, निदान एवढ्यात तरी. तुम्ही जे लिहिलंय त्यातच एक गोष्ट जुळत नाही आणि माझ्या मते दोन्ही वेळा तीच नजरेतून सुटली.

ईजीआरचं काम असं: सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूतला काही भाग परत इंजिनात सोडायचा. त्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान खाली येतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. पी0401चा अर्थ हा वायू हवा तेवढा येत नाही. आता विचार करा, जळका वायू कमी आला तर त्या जागी ताजी हवा जास्त येणार. ताजी हवा जास्त म्हणजे डिझेल पूर्ण जळणार, काळा धूर उलट कमी व्हायला पाहिजे. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलेली डिझेल गाडी सहसा धूर करत नाही, फारतर इंजिनाचा टकटक आवाज थोडा वाढतो. ड्रायव्हरला लाइटाशिवाय काही कळतही नाही. तुमच्याकडे कोड "कमी येतोय" म्हणतो आणि धूर "जास्त येतोय" म्हणतो. म्हणजे एकतर ईसीएमची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) फसगत होतेय, नाहीतर बिघाड दोन आहेत.

फसगत कशी होते ते सांगतो, कारण सगळं निदान त्यावर उभं आहे. तुमच्या गाडीसारख्या बहुतेक डिझेल गाड्यांत ईजीआरच्या पाइपात वायू मोजणारं काहीही नसतं. ईसीएम फक्त एअर फिल्टरनंतर बसवलेला मॅफ सेन्सर बघतो, ताजी हवा किती आत गेली तेवढं. सिलिंडर दर फेरीला ठरावीकच आकारमान ओढतो. त्यातला काही भाग जळक्या वायूने भरला की ताजी हवा तेवढी कमी ओढली जाते. ईसीएम व्हॉल्व्ह उघडायला सांगतो आणि मॅफचा आकडा किती पडला ते पाहतो. पडायला हवा तेवढा पडला नाही की पी0401 लिहून ठेवतो. हा हवेच्या हिशोबात फरक पडल्याचा कोड आहे, व्हॉल्व्ह मेल्याचा दाखला नव्हे. स्कॅनर लावून कोड वाचायचा आणि कोडात ईजीआर लिहिलंय म्हणून ईजीआर बदलायचा, याला मी निदान म्हणत नाही.

तो हिशोब आपल्यालाही करता येतो. इंजिन 1248 सीसीचं, चार सिलिंडर, म्हणजे एकाला 312 सीसी. आपला मराठवाडा समुद्रसपाटीपासून साधारण 500 ते 600 मीटरवर आहे. इथे मेच्या 40 अंशांत एक सीसी हवेचं वजन जेमतेम 1.06 मिलिग्रॅम भरतं. गुणाकार केला तर 330 मिलिग्रॅम. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाही, 85-90 टक्के धरा. म्हणजे ईजीआर पूर्ण बंद असताना आयडलला (रेस न देता इंजिन चालू ठेवून) दर स्ट्रोकला 280 ते 300 मिलिग्रॅम हवा दिसली पाहिजे. डिसेंबरच्या पहाटे हाच आकडा 315च्या आसपास जाईल, थंड हवा जड असते म्हणून. काही स्कॅनर ग्रॅम प्रति सेकंद दाखवतात. 850 आरपीएमला 290 मिलिग्रॅम म्हणजे साधारण 8.2 ग्रॅम प्रति सेकंद. ईजीआर उघडला की आयडलला हा आकडा 200च्या आसपास किंवा त्याखाली यायला हवा.

आता ज्याच्याकडे लाइव्ह डेटा आणि अ‍ॅक्च्युएटर टेस्ट (आज्ञा देऊन भाग हलवून बघणं) असलेला स्कॅनर आहे अशा माणसाकडे जा. नुसता कोड वाचणारा ब्लूटूथचा डोंगल इथे पुरत नाही. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा, आयडलवर तीन आकडे पडद्यावर घ्या: ईजीआरला दिलेली आज्ञा, ईजीआरची प्रत्यक्ष स्थिती आणि मॅफ. मग आज्ञा देऊन व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, आकडा लिहा. पूर्ण उघडा, आकडा लिहा.

एक खाच आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत आयडलवर काही मिनिटं उभं राहिलं की ईसीएम आपणहून ईजीआर बंद करतो, काजळी साचू नये म्हणून. तेव्हा मॅफ एकदम वर जातो. तो बिघाड नाही. थोडी रेस देऊन सोडा आणि लगेच मोजा.

व्हॉल्व्ह उघडायला सांगितल्यावर स्थितीचा आकडाच हलला नाही तर दोष व्हॉल्व्हच्या मोटारीत, कपलरमध्ये (वायरीच्या जोडात) किंवा वायरिंगमध्ये. स्थिती हलली, व्हॉल्व्ह नव्वद टक्के उघडल्याचं दिसतंय, तरी मॅफ 290चा 270 एवढाच झाला, तर व्हॉल्व्ह चांगला आहे आणि वायूची वाटच बुजली आहे. आणि मॅफ धाडकन खाली आला, इंजिन थरथरायला लागलं, तर वाट मोकळी आहे. मग ईजीआरचा नाद सोडून हवेच्या बाजूला बघायचं. उलट बंद असतानाच आकडा 230-240 आला तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, किंवा मॅफ कमी दाखवतोय, किंवा फिल्टर चोंदलाय.

तुमच्या धुरावरून माझा पहिला संशय इंटरकूलरच्या होजवर आहे, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या रबरी नळीवर. मॅफ फिल्टरपाशी, होज टर्बोच्या पुढे. होज फाटला की मोजून झालेली हवा वाटेतच निसटते. ईसीएमच्या वहीत 300 लिहिलेले, सिलिंडरात पोचले 250. वहीत हवा जास्त दिसते म्हणून ईसीएम ईजीआर अजून उघडतो, पार शेवटपर्यंत. तरी मॅफ लक्ष्यावर येत नाही, कारण गळती चालूच आहे. झाला पी0401. इकडे सिलिंडरात खरोखर जळका वायू जास्त आणि हवा कमी. वर रेस दिली की डिझेलही वहीतल्या हवेच्या हिशोबाने पडतं. काळा धूर आणि ओढ नाही, दोन्ही एका फाटक्या होजमधून. नवा व्हॉल्व्ह घातला तर नवा व्हॉल्व्हही त्याच धुराने भरतो.

हा होज नुसता बघून सापडत नाही. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं आणि बहुधा क्लॅम्पच्या कडेला, खालच्या बाजूने चिरतं. गाडी उभी असताना चीर मिटलेली असते, टर्बोचा दाब आला की उघडते. हात घालून खालून चाचपा. तेलाच्या ओलीवर धूळ बसून काळा लगदा झालेला लागला तर तिथेच समजा. खात्री करायची तर फिल्टरकडचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरमधून सोडायची, अर्धा बारच्या वर नाही, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. पंक्चरवाल्याच्या टाकीतून सरळ हवा सोडू नका, सील जातील. आयडलला ही गळती फारशी दिसत नाही, कारण तेव्हा पाइपात दाबच नसतो. म्हणून आयडलचे आकडे शहाण्यासारखे आले तरी गाडी रस्त्यावर नेऊन स्कॅनर बघा. तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमपासून पूर्ण रेस द्या आणि सेन्सर दाखवतो तो बूस्टचा, म्हणजे टर्बोने चढवलेला, दाब आज्ञेइतका चढतो का ते पाहा. मॅफ भरपूर आणि बूस्ट कमी, म्हणजे हवा कुठेतरी पळतेय.

बूस्ट सेन्सर खरं बोलतो का हे तपासणं फुकट आहे. इंजिन बंद, चावी ऑन. आपल्या उंचीवर 950 मिलिबारच्या आसपास दाखवला पाहिजे. फार वेगळा आकडा आला तर आधी त्याचाच इलाज.

दुसरा संशय बुजलेल्या वाटेवर. ईजीआरची काजळी आणि इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदर पाइपातून येणारी तेलाची वाफ एकत्र झाली की डांबरासारखा थर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपात) बसतो. वर्षानुवर्षं बसतो. व्हॉल्व्ह काढून चकाचक केला, पण व्हॉल्व्हनंतरची गल्ली आणि मॅनिफोल्डचं तोंड कुणी उघडून बघितलं का? बहुतेक ठिकाणी बघत नाहीत, कारण काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि गिऱ्हाईक दाराशी उभं असतं. मी अशी मॅनिफोल्ड पाहिली आहेत ज्यांच्यात बोट जायच्या जागी पेन्सिल जेमतेम गेली. अशा गाडीत ईजीआरची वाट बुजल्यामुळे पी0401 येतो आणि हवेचीच वाट अरुंद झाल्यामुळे जोरात रेस दिल्यावर धूरही येतो. दोन बिघाड, कारण एकच. व्हॉल्व्ह काढल्यावर भोकात टॉर्च मारा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा हल्ली स्वस्त मिळतो, मिस्त्र्याकडे नसेल तर तुम्ही घ्या.

थर दिसला तर मॅनिफोल्ड खोलून, बाहेर काढून साफ करा, आणि बसवताना पॅकिंग नवं टाका. इंजिन चालू ठेवून हवेच्या पाइपात कार्ब क्लीनर मारण्याचा प्रकार डिझेलला करू नका. क्लीनर स्वतःच जळतो, इंजिन रेस सोडूनही पळत सुटू शकतं. सुटलेले काजळीचे ढेकळे सिलिंडरात किंवा इंजिनाच्या वाल्व्हच्या सीटवर जाऊन बसतात ते वेगळंच. व्हॉल्व्ह साफ करतानाही मोटारीचा भाग क्लीनरमध्ये बुडवायचा नाही, आणि बसायची जागा स्क्रूड्रायव्हरने खरवडायची नाही. तिथे ओरखडा पडला की व्हॉल्व्ह कधीच पूर्ण मिटत नाही.

तिसरा मॅफ. धूळ बसली की तो बहुधा कमी हवा दाखवतो. मग ईसीएम ईजीआर बंद करत जातो, डिझेलही आखडतो. गाडी मरगळते पण धूर करत नाही. तुमची लक्षणं तशी नाहीत. पण आधी कुणी बाजारचा स्वस्त सेन्सर बसवला असेल तर तो काहीही दाखवू शकतो. वर दिलेल्या 280-300च्या हिशोबात ताडून बघा, चावी ऑन आणि इंजिन बंद असताना तो शून्याच्या जवळ असायला हवा. साफ करायचा तर मॅफसाठीच्याच स्प्रेने, हात किंवा हवेची नळी न लावता. त्याच वेळी फिल्टर आणि टर्बो यांमधला पाइपही तपासा. तिथे चीर असली तर टर्बो न मोजलेली हवा, आणि आपल्या काळ्या रानातली धूळ, सरळ ओढतो. तिथे कोड उलटा, पी0402कडे जातो, पण टर्बोचं आयुष्य मात्र संपतं.

आता पत्रीबद्दल. तपासणीचं साधन म्हणून पत्री मला आवडते. ईजीआरच्या पाइपाच्या सांध्यात तात्पुरती लोखंडी पत्री घालायची (डब्याची अ‍ॅल्युमिनियमची नको, ती वितळून आत जाऊ शकते), महामार्गावर पाच-सात किलोमीटर चालवायची आणि धूर बघायचा. धूर एकदम थांबला आणि गाडी ओढायला लागली तर जळका वायू जास्त येत होता हे सिद्ध झालं. तो व्हॉल्व्ह न मिटल्याने येतो की ईसीएम फसून उघडतो, ते स्थितीच्या आकड्यावरून कळेल. पत्री असूनही धूर तसाच, तर ईजीआर निर्दोष सुटला: होज, मॅनिफोल्ड, टर्बो, इंजेक्टर यांच्याकडे वळा. तपासणी झाली की पत्री काढायची.

कायमची मारायला माझा विरोध आहे. तुमचा लाइट जाणारच नाही, कारण वायू येत नाही म्हणूनच तर तो लागतो. मग ईसीएमची प्रोग्रॅमिंग बदलायला सांगतील, तिथे आणखी पैसे. फाटका होज तसाच राहील. पीयूसीत मात्र गाडी पास होईल, आणि लोकांना हेच पटतं. पण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, बीएस4 गाडीला 1.62 आणि त्याआधीच्यांना 2.45 ही मर्यादा. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत, ते वाढले तरी कागद मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52ने कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करायला मनाई आहे, ते वेगळंच. आणि ज्यांच्याकडे 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 डिझेल गाड्या आहेत त्यांनी तर याचा विचारही करू नये. तिथे ईजीआर, डीपीएफ (काजळी पकडणारा फिल्टर) आणि बाकी सगळं एकमेकांच्या हिशोबावर चालतं, एक बंद केलं की ईसीएम पुढच्याकडे बोट दाखवत जातो.

वायरिंगचं थोडक्यात. कोड पी0403 ते पी0406 असता तर मी हवेच्या मागे लागलोच नसतो, ते कोड बहुतेक विजेच्या बाजूचे आहेत. कपलर काढून चावी ऑन, सेन्सरच्या वायरला 5 व्होल्ट येतात का, अर्थिंग पक्कं आहे का, मग कपलर परत लावून व्हॉल्व्ह हलवल्यावर स्थितीचा व्होल्टेज सलग चढतो की मध्येच उडी मारतो, एवढं मीटरने होतं. खेड्यात गाडी वैरणीच्या किंवा कापसाच्या खोलीशेजारी लावत असाल तर आधी वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते बघा, हे मी गमतीने म्हणत नाही. नव्या व्हॉल्व्हनंतर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने बंद स्थिती शिकवावी लागते. ते राहिलं असेल तर व्हॉल्व्ह नवा असूनही चुकीच्या शून्यावरून काम करतो. त्या गॅरेजला एवढं जरूर विचारा.

जुन्या व्हॅक्यूमवाल्या जीपगाड्यांत निम्मे दोष रबरी नळ्यांचे असतात. हातपंप लावून व्हॉल्व्हचा डायफ्रॅम व्हॅक्यूम धरतो का बघायचं, धरत असेल तर नळ्या आणि सोलेनॉइड. पेट्रोलला हे सगळं ताळतंत्र उलटं आहे: तिथे आयडलला ईजीआर बंद असतो, त्यामुळे उघडा अडकला तर गाडी सिग्नलला बंद पडते. शिवाय बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत वेगळा व्हॉल्व्हच नसतो, कॅमच्या वेळा बदलून तेच काम करतात.

गुरुजी, तुम्ही लिहिलंय की गाडी रोज घर ते शाळा सात-आठ किलोमीटर जाते आणि गरम होते म्हणून मागेच थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. हे दुसरं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या भागात उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढायची रीतच पडली आहे. इंजिन 85-90 अंशांवर चालायला बनवलेलं असतं. थर्मोस्टॅटशिवाय हिवाळ्यात, एवढ्या छोट्या फेरीत, ते 60 अंशांवरही नीट पोचत नाही. थंड भिंतींवर काजळी, तेल आणि पाण्याची वाफ पटकन चिकटते. आज मॅनिफोल्ड धुऊन दिलं तरी वर्षाभरात परत तोच थर. नवा थर्मोस्टॅट टाका. त्यानंतर गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय, फॅन उशिरा लागतोय किंवा कूलंट कमी होतंय. कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होत असेल आणि गाडीला ईजीआर कूलर असेल तर त्यावर प्रेशर टेस्ट करून घ्या. कूलर आतून फुटला की पाणी एक्झॉस्टमध्ये जातं, सकाळी पांढरा धूर दिसतो आणि लोक हेड गॅस्केट बदलून बसतात.

झाडाखाली एसी लावून तासतास आयडल ठेवायची सवय असेल तर तीही कमी करा. आठवड्यातून एकदा धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई ते बीड गाडी गरम करून, थोड्या चढ्या आरपीएमवर न्यायला हरकत नाही. त्याने साचलेला थर निघत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नवा बसायचा वेग तेवढा कमी होतो.

क्रम असा धरा: होजची दाब तपासणी, मग बंद-उघड्याचे दोन आकडे, मग पत्रीची फेरी, आणि लागलं तरच मॅनिफोल्ड. काम झाल्यावर कोड खोडून तेवढ्यावर गाडी ताब्यात घेऊ नका. मांजरसुंब्याच्या घाटात एकदा भरल्या गाडीने चढवून आणा, येताना धूर बघायला मागच्या गाडीत कुणाला तरी बसवा. मॅफचे आकडे लिहून पाठवताना इंजिनाचं तापमान आणि त्या दिवशीचं हवामानही लिहा. त्याशिवाय 280 चांगले की वाईट हे मला इथे लातुरात बसून सांगता यायचं नाही.